वकीलसाहेबांचं स्वागत

रुपीबाईला जाऊन वर्ष होत आलं होतं. तांड्याचा नायक नेमसिंग यानं त्या वर्षात चारचौघांत बायकोचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. घरात मात्र अजून तोंडून निघून जायचं. सकाळी बैल सोडले की सवयीनं म्हणायचा, "येतो वो रुपी," आणि मग स्वतःच दचकून चालायला लागायचा. चुलीपाशी बसलेली सून जमनाबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

तांडा दारव्ह्याच्या अंगाला, माळावर. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरणाऱ्यांची ही नातवंडं आता ज्वारी आणि कपाशी करत होती. लदणीचे बैल गेले तरी तांड्याची रीत गेली नव्हती. भांडण असो, सोयरीक असो, नाहीतर निवडणूक असो, नसाब बसायची. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. ज्याला जे बोलायचं ते तो बोलायचा, आणि शेवटी नायक शब्द द्यायचा. नायकाचा शब्द म्हणजे सगळ्या तांड्याची मतं. म्हणून उमेदवार घरोघर फिरत नसत, थेट नेमसिंगच्या अंगणात येत.

जिल्हा परिषदेची ही दुसरी निवडणूक. उभे दोघं. एक दारव्ह्याचे नीळकंठराव वकील, जे मागल्या खेपेला निवडून आले होते. दुसरे कमलाकरभाऊ, खादीवाले. जिल्हा परिषद नव्हती आणि जनपद सभा होती, तेव्हा ते तिथे सभासद होते.

कमलाकरभाऊंबद्दल तांड्यात कोणी वाईट बोलत नसे. सायकलनं यायचे, कोणाच्याही ओट्यावर बसायचे, भाकरीला ठेचा मागून घ्यायचे. म्हातारं माणूस उभं असलं तर स्वतः खाटेवर टेकत नसत. रुपीबाई गेली तेव्हा ते भर उन्हात आले आणि नेमसिंगच्या शेजारी नुसते बसून राहिले. डोळे पुसत होते, पण बोलले काही नाहीत. नेमसिंगला ते फार बरं वाटलं होतं. पण तांड्याची सडक त्यांनी जनपद सभेत मागायला घेतली आणि सभा मोडली तरी ती मागणीच राहिली. दर वेळी येऊन सांगायचे, "साहेबांच्या कानावर घातलंय. आता पुन्हा पुन्हा त्यांना त्रास देणं बरं दिसत नाही."

वकिलांनी ती सडक दोन उन्हाळ्यांत करून दाखवली. ओव्हरसियरला तांड्यात आणून उन्हात उभं केलं. मुरूम कमी पडला तेव्हा ठेकेदाराला सगळ्यांसमोर असा झापला की त्यानं दुसऱ्या दिवशी गाड्या लावल्या. आधी पावसाळाभर तांडा जगापासून तुटायचा, गुडघाभर चिखल व्हायचा. तो चिखल वकिलांनी संपवला. कोणी नाकारावं असं ते काम नव्हतं.

पण वकिलांना मान लागायचा. कामाआधी लागायचा आणि काम झाल्यावरही लागायचा. सभेत त्यांची खुर्ची मधोमध नसली तर ते उभेच राहायचे, आणि खुर्ची हलेपर्यंत सगळी सभा ताटकळायची. सडकेच्या पाटीवर नाव बारीक पडलं म्हणून पाटी पुन्हा रंगवून घेतली होती.

त्या सडकेच्या उद्घाटनाला मागच्या वैशाखात त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तांड्यातल्या सगळ्या बाया आपल्या पोशाखात स्वागताला हव्यात आणि टिळा नायकणीनं, म्हणजे नायकाच्या बायकोनं, लावायचा. वेळ सकाळची दिलेली. आरशा-कवड्यांचे जड घागरे, दंडापर्यंत बल्ये म्हणजे पांढऱ्या बांगड्या, अंगावर चांदी, अशा बाया तोरणाखाली उभ्या राहिल्या. वकील आले ते ऊन कलल्यावर. यवतमाळहून फोटोवाला येणार होता, त्याच्यासाठी ते दारव्ह्यात थांबून राहिले होते.

रुपीबाई तांड्याची सुईण. तांड्यातली निम्मी पोरं तिच्याच हातांवर जन्मलेली. आदल्या रात्रीही ती शेजारच्या तांड्यात एका बाळंतपणाला जागली होती. नेमसिंग तिला म्हणाला, "बस ना जराशी सावलीत."

ती म्हणाली, "नायकण बसली का साऱ्या बसतील. मंग तुह्या पाहुण्याले टिळा कोन लावन? हे लिंबाचं झाड?"

बाया हसल्या. तोही हसला. ती उभी राहिली. वकील आले, तिनं टिळा लावला, फोटो निघाला. दिवेलागणीला ती अंगणात कोसळली. लालसिंग कारभारी, म्हणजे नायकाच्या खालोखालचा माणूस आणि नेमसिंगचा लहानपणापासूनचा जोडीदार, सायकल हाणत दारव्ह्याला गेला. वकील जेवायला बसले होते. "तांड्यात बाई लय बिमार हाये," एवढं ऐकल्यावर ते ताटावरून उठले. कोण बाई, काय झालं, काही विचारलं नाही. आपली जीप काढायला लावली आणि डॉक्टरला घरातून उठवून तिच्यात बसवलं. नव्या सडकेवरून डॉक्टर तांड्यात इतक्या लवकर पोहोचला की लोकांना नवल वाटलं. पण रुपीबाईला ऊन लागलं होतं, आणि ते उतरलं नाही.

उन्हात ती ज्याच्यासाठी उभी राहिली, डॉक्टर पाठवला तोही त्यानंच. कोणत्या गोष्टीवर कोणती ठेवायची, हे नेमसिंगला वर्षभर उमगलं नाही. वकिलाला कोणी काही सांगितलं नाही; डॉक्टरलाही ती तांड्यातली एक बाई एवढंच ठाऊक होतं. नेमसिंगनंच बजावून ठेवलं होतं, "रुपीचं नाव त्या मानसापुढं काढाचं नाही. तिच्या नावानं मले त्याची कीव नको."

तिच्यामागे तांड्याला सुईण उरली नाही. लालसिंगची थोरली सून सोनीबाई हिवाळ्यात अडली. गाडीत घालून दारव्ह्याला नेली, सडक चांगली होती, पण गाडी बैलांचीच. वाटेतच गेली. त्यानंतर वकिलांनी जिल्हा परिषदेत या भागासाठी एक नर्सबाई आणि तिच्यासाठी दोन खोल्या मंजूर करून घेतल्या. जागा ठरायची होती, या तांड्यात की नाल्यापलीकडच्या गावात. ते ठरवायला आरोग्य खात्याच्या साहेबाला घेऊन वकील स्वतः येणार होते, मतदानाच्या आधी.

ते येणार त्याच दिवशी सकाळी नसाब बसली.

एक तरुण उठून म्हणाला, "कमलाकरभाऊले द्या मत. नायकणयाडी, साऱ्या तांड्याची माय, गेली तवा तेच आले होते, दुसरं कोनी आलं नाही."

लालसिंग म्हणाला, "भाऊ देवमानूस हाये, मी कुठं नाही म्हनतो? पण भाऊच्या दारात मांजर झोपली ना, तर तिची झोप होयेपर्यंत भाऊ बाहेरच उभे राह्यतील. अशा मानसाकडून नर्सबाई कशी येईन बाप्पा?"

"आन् तुहा वकील? तो तर आरशात पाहून बी सोताले रामराम करत असन."

"करू दे. आरसा त्याचा, थोबाड त्याचं. आपल्याले नर्स पाह्यजे."

सगळे हसले, आणि मग हसणं ओसरल्यावर नेमसिंगकडे पाहू लागले.  त्यानं खाकरून घसा साफ केला.

"मत वकिलाले," तो म्हणाला. "तो काम करते. पण यंदा तांड्यातली एक बी बाई उन्हात उभी राह्यणार नाही. तोरण नाही, ताट नाही, गाणं नाही. त्यानं यावं, जागा पाहावी, मतं घ्यावी, जावं."

 नसाब उठली. लालसिंग मागे रेंगाळला. नायकाला चारचौघांत तो 'नायक' म्हणायचा, एकट्यात नावानं.

"नेमसिंग, तो मानूस बिना ताटाचा जीपमधून पाय खाली ठेवत नाही."

"नको ठेवू दे."

"मंग नर्सबाई नाल्यापल्याड जाते."

"जाऊ दे."

"तुह्यासाठी सोपं हाये म्हननं. माही सून गेली."

नेमसिंगनं मान वर केली. "आन् माही कोन गेली बे?"

लालसिंग वळला. जाता जाता एवढंच म्हणाला, "तो बी नायक, तू बी नायक. दोघं बी तसेच."

दुपार टळल्यावर जीप आली. तांड्याच्या तोंडाशी, मागल्या वर्षी जिथे तोरण होतं तिथे थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. एक कुत्रं भुंकत आलं आणि कंटाळून परत गेलं. पुढे वकील, काळा कोट, पांढरी टोपी. मागे यवतमाळचे आरोग्य खात्याचे साहेब, घामानं भिजलेले. लालसिंग एकटा हात जोडून पुढे झाला.

"राम राम सायेब. उतरा ना जी."

वकिलांनी तोरणाच्या जागी पाहिलं, मग घरांकडे. "नायक कुठे आहेत?"

"घरीच हायेत जी."

"प्रकृती बरी नाही का?"

"बरी हाये जी."

"अस्सं." वकिलांनी पुन्हा घरांकडे पाहिलं. "आणि नायकणबाई? मागल्या वर्षी टिळा लावला होता त्यांनी. त्या दिसत नाहीत?"

लालसिंगला खरं सांगता येत नव्हतं. नायकानं बंदी घातली होती. "घरी नाहीत जी," तो म्हणाला.

मागचे साहेब म्हणाले, "वकीलसाहेब, उतरू या का? जागा पाहून घेऊ. ऊन फार आहे."

"थांबा," वकील म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा पडला होता. लहान मुलाचा पडतो तसा. "मी या लोकांसाठी काय केलं आहे ते या सडकेवर बसून तुम्हाला सांगायची गरज नाही. आणि आज इथे पाण्याचा तांब्या घेऊन कोणी उभं नाही. नाल्यापलीकडे माणसं सकाळपासून वाट बघताहेत."

लालसिंग धावत नेमसिंगच्या घरी आला. नेमसिंग आत खाटेवर बसला होता, पागोटं बांधून, तयार होऊन. पण उठत नव्हता.

"चाल ना. एकटा तूच चाल. बायका नको, ताट नको."

"मी नाही म्हनून सांगतलं ना."

"तो गाडी फिरवून राह्यला!"

नेमसिंगनं हात गुडघ्यांवर ठेवले आणि उठण्यासाठी जोर दिला. तो पुन्हा बसला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. जमनाबाईला दिवस गेले होते. ती दाराआड उभी राहून सासऱ्याकडे बघत होती. बाहेर जीप घुरघुरली. ड्रायव्हर ती मागेपुढे करून वळवू लागला.

तेवढ्यात सडकेवरून एक बाई चालत येताना दिसली. डोक्यावर गाठोडं, अंगावर धूळ. ती मोतीबाई होती, रुपीबाईची धाकटी बहीण. तिचा नवरा वणीकडे राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला होता. बहीण गेली तेव्हा तो खाणीत जखमी होऊन पडलेला, म्हणून तिला येता आलं नव्हतं. वर्षाच्या दिवसांना ती आज येत होती, मोठ्या सडकेवर एसटी सोडून.

गोर, म्हणजे बंजारा, बायांची एक रीत आहे. कोणी मेल्यावर जवळची बाई पहिल्यांदा भेटली की एकमेकींच्या गळ्यात पडून, घुंगट ओढून, त्या मोठ्यानं गात रडतात. मेलेल्या माणसाचं सगळं त्या गाण्यात येतं, ते काय खायचं, कोणाला काय बोलायचं, कुठे रुसायचं. परक्याला ते गाणं वाटतं आणि रडणंही वाटतं, शब्द मात्र कळत नाहीत. मोतीबाई दिसली तशी बातमी घरोघर गेली, आणि ज्या बायांना नायकानं घरात बसवलं होतं त्या सगळ्या बाहेर धावल्या. जीपच्या अंगावरूनच धावल्या. तांड्याच्या तोंडाशीच त्यांनी मोतीबाईला गाठलं. गाठोडं खाली पडलं. भर उन्हात रडण्याचा एकच सूर उठला.

वकिलांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब."

त्यांचा चेहरा उजळला. ते मागे वळून साहेबांना म्हणाले, "पाहिलंत? यांच्यात आवडत्या पाहुण्याला असंच रडून भेटतात. मी ऐकून होतो, पाहिलं आज. तयारीला वेळ लागला असेल बिचाऱ्यांना."

आणि ते उतरले. टोपी सारखी केली, बायांच्या पुढे जाऊन हात जोडून, मान लववून उभे राहिले. ते ढोंग नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं.

सूर कानावर आला तसा नेमसिंग उठला. मोती आली, एवढंच त्याला कळलं. या दिवसाची तो वर्षभर वाट बघत होता. नायक माणूस, कोणापुढे रडला नव्हता. मोती येईल, खांद्यावर डोकं टाकेल, मग आपल्यालाही रडू येईल, असं त्यानं मनाशी धरलं होतं. तो अनवाणीच बाहेर आला, तर समोर हे. मध्ये बाया, मोतीच्या तोंडी रुपीचं नाव पुन्हा पुन्हा येतंय, आणि त्या नावापुढे हात जोडून वकील उभा.

त्याला पाहताच रडणं हळू झालं. लालसिंग त्याच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात दुसरं काही नव्हतं, नुसती विनवणी होती. नेमसिंगनं एक वाक्य बोलायची देर होती. हे तुमच्यासाठी नाही, एवढंच. वकील शरमेनं काळे पडले असते. असा माणूस आपली शरम विसरत नाही आणि जिथे ती झाली त्या जागी पुन्हा येत नाही, हेही नेमसिंगला ठाऊक होतं.

"राम राम, वकील सायेब," तो म्हणाला. "या."

वकिलांनी त्याचे दोन्ही हात धरले. "नायक, मला वाटलं तुम्ही रागावलात! अहो, एवढं प्रेम! मी काही दगड नाही." मग ते साहेबांकडे वळले आणि एकदम दुसरेच झाले, कामाचे. "जागा इथेच. पाणी जवळ आहे, सडक आहे. आत्ता खुणा घालून घ्या. नंतर कागद फिरवत बसायचं नाही. दिवाळीच्या आत बाई इथे राहायला आली पाहिजे, नाहीतर मी सभेत उभा राहून विचारीन."

साहेबांनी मान हलवली. वकिलांनी स्वतः धोंडे उचलून चारी कोपऱ्यांना ठेवले, कोट मळला तरी पर्वा केली नाही. पाण्याची पातळी विचारली, पावसाळ्यात ओल कुठवर येते ते विचारलं, दार कोणत्या बाजूला असावं तेही ठरवलं. त्या वेळी त्यांच्यात मानाचं काही उरलं नव्हतं. नेमसिंग बघत राहिला. असा माणूस नेहमी असाच असता तर, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

जीप गेली. बाया पांगल्या. मोतीबाई घरात येऊन बसली होती. जमनाबाईनं पाणी दिलं, ते तिच्यापुढे तसंच होतं. बायांनी तिला सगळं सांगितलं होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्योच होता का तो? ज्याच्यासाठी ती उभी राह्यली?"

"हो."

"माह्या बहिनीचं रडनं होतं ते. ते तू त्याले घेऊ देलं."

"हो."

"काहून?"

नेमसिंगनं जमनाबाईकडे पाहिलं. जमनाबाईनं पदर पुढे ओढला. "तांड्याले सुईण नाही राह्यली, मोती," तो म्हणाला.

"तिले चाललं असतं?"

 रुपी हसली असती की भांडली असती, हे इतकी वर्षं संसार करून त्याला सांगता येत नव्हतं. तो मोतीजवळ जाऊन खाली बसला. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं नाही. ती म्हणाली, "माह्याजवळ होतं ते मी तिथं रस्त्यावर सांडून आली. तुह्यासाठी काही उरलं नाही भाऊजी."

ती जेवली नाही. झोपायला लालसिंगच्या घरी गेली.

वर्षाच्या दिवसांनाही ती थांबली नाही. सकाळी तिला एसटीपर्यंत पोहोचवायला नेमसिंग निघाला. गाठोडं त्यानं डोक्यावर घेतलं, तिनं नको म्हटलं नाही. दोघं मोठ्या सडकेपर्यंत चालत गेले. फाट्यावर गाडी यायला वेळ होता. मोतीबाई बाभळीखाली बसली, तो उभा राहिला.

"नर्सबाई खरंच येईन?" तिनं विचारलं.

"येईन. तो बोलला म्हंजे येते."

"दिवाळीच्या आत?"

"हो."

तिनं पायातलं कडं सारखं केलं. "माही सून बी पोटुशी हाये. पह्यलं पोर वाटेतच गेलं तिचं. खानीवरचा दवाखाना लांब पडते." तिनं रस्त्याकडे पाहिलं. "बाई आली का कळव. सुनेले घेऊन येईन मी."

नेमसिंगला बरं वाटलं. "ये ना. जमनाबाई बी तवाच..."

"येईन," मोतीबाई म्हणाली. "पण उतरीन लालसिंगच्या घरी. तुह्या घरी नाही."

गाडी आली. त्यानं गाठोडं वर चढवलं. ती खिडकीशी बसली आणि समोर पाहत राहिली. कंडक्टरनं घंटी मारली. नेमसिंग तांड्याकडे वळला. मतदान तोंडावर आलं होतं, आणि घरोघर जाऊन वकिलाची निशाणी कोणती ते म्हाताऱ्या बायांना समजावून सांगायचं होतं.